उलटा सात

सुट्टीच्या दिवशी मच्छिंद्र सरवदे सोलापूरच्या जुन्या बाजारात जायचा. दिसेल त्या मिलिटरी कोटाचा डावा आतला खिसा उलटा करून बघायचा. अकरा वर्षं त्यानं हेच केलं. लोकांना हा छंद वाटायचा. तो छंद नव्हता.

आठवडाभर तो सोलापुरात यंत्रमाग चालवायचा. बाजार झाला की एसटीनं तामलवाडीला उतरायचा आणि कोसभर चालत गावी यायचा. कोट मिळाला नाही तरी हात मोकळे नसायचे. कधी पितळी बकलचा पट्टा, कधी खिळ्यांचे बूट, कधी लोकरी कापडात गुंडाळलेली पाण्याची बाटली. आणलेलं तो घालायचा. खाकी शर्ट, कानावर कललेली टोपी, पायात बूट. गावाच्या वेशीत शिरला की पारावरची माणसं सरसावून बसायची.

“लढाई कुठं लागली रं मच्छिंद्रा?”

“अजून लागली न्हाय. लागंल.”

माणसं हसायची. तो हसायचा नाही.

तो शोधत होता तो कोट त्याच्या बापाचा होता. धोंडीबा निजामाच्या मुलखातून पायी सोलापूरला गेला आणि महार पलटणीत भरती झाला. ब्रह्मदेशात लढून आला. येताना एक लोकरी कोट आणि एक नंबर घेऊन आला. नंबर त्याला नावापेक्षा प्यारा होता. गळपट्टीखाली शाईचा शिक्का होता, तो पुसेल अशी त्याला भीती. म्हणून त्याच्या बायकोनं, बनाबाईनं, पलटणीचा कागद समोर धरून नंबर डाव्या खिशाच्या आत दोऱ्यानं शिवला. तिला अक्षरओळख नव्हती. सात बघून ती म्हणाली, “ह्यो तर इळा हाय.” बनाबाई डावरी. डावखुऱ्या माणसाचा विळा ज्या बाजूला वळतो, त्या बाजूला तिनं सात वळवला. धोंडीबा पोट धरून हसला. उसवू मात्र दिला नाही.

पुढं कोटाचं एक बटण हरवलं. धोंडीबानं नारळाची करवंटी घासून बटण केलं, तेल लावून काळं केलं.

बहात्तर सालच्या दुष्काळात गावाजवळ रस्त्याचं काम निघालं. धोंडीबा खडी फोडायला जायचा. पहाटेच्या गारठ्यात अंगावर कोट असायचा. कामावर मुकादम होता आबाराव, गावातला मोठा बागायतदार. एके दिवशी वरचे साहेब तपासणीला येणार होते.

“ए धोंड्या, काढ तो कोट. साहेब यायलेत. कोटवाला माणूस दुष्काळी दिसतो व्हय?”

“साहेब गेले की द्या, मालक.”

“देतो की. मला काय करायचाय तुझा वास?”

साहेब आले, गेले. कोट आला नाही. धोंडीबानं दोनदा मागितला. तिसऱ्यांदा अठरा वर्षांचा मच्छिंद्र गेला. आबाराव ओसरीवर पान लावत होता.

“बाजारात गेला कोट,” तो म्हणाला. “जा, शोध.”

तो हिवाळा धोंडीबानं गोणपाट पांघरून काढायचा प्रयत्न केला. पौषात छाती भरली. तापात तो एकच बडबडत होता. “एक शून्य चार सात दोन. हाजिर.” चौथ्या दिवशी हजेरी थांबली.

बनाबाई लोकांसमोर रडली नाही. माती झाल्यावर ती लेकाला एवढंच म्हणाली, “आबारावाला एक डाव थंडी वाजाया पायजे.”

तेव्हापासून मच्छिंद्र खिसे उलटे करत होता. कोट हवा होता. आणि चारचौघांत हवा होता.

त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर जुन्या बाजारातल्या बंडप्पानं त्याच्यापुढं पत्र्याचा डबा सरकवला.

“ये की बे पलटण. बटणं आल्यात. वेचून घे.”

मच्छिंद्रनं डबा फरशीवर ओतला. पितळी बटणांत एक काळं बटण होतं. करवंटीचं. त्याच्या कडेला बापाच्या पटाशीचा चुकलेला घाव होता.

“हे कुठलं, बंडप्पा?”

“तुळजापूरच्या शिंप्याकडनं आलंय की. कुठल्या सोसायटीच्या चेरमननं कोटाची बटणं बदलून घेतली म्हणं. ह्यी जुनी.” बंडप्पानं निरखून पाहिलं. “करवंटीसाठी रडायलास काय बे?”

मच्छिंद्र रडत नव्हता. हसत होता. बंडप्पानं त्याला तसं कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळं त्याला फरक कळला नाही.

आबाराव आता गावच्या सोसायटीचा चेअरमन झाला होता. गोदामाचं उद्घाटन, सभा, हारतुरे. तरुणपणी आपण पलटणीत होतो, असं तो परगावच्या पाहुण्यांना सांगायचा. दहादा सांगितलेलं अकराव्यांदा खरं वाटतं. नव्या पोरांनी त्याला मेजर म्हणायला सुरुवात केली होती. मेजरला कोट लागतो. अकरा वर्षं पेटीत पडलेला कोट बाहेर निघाला.

मच्छिंद्रनं आईला काही सांगितलं नाही. त्यानं फक्त शांतलिंगला गाठलं. शांतलिंग त्याचा दोस्त, मराठी घेऊन बीए झालेला, नोकरीची वाट बघत गावात बसलेला.

“सव्वीस जानेवारीला माझ्यापशी उभा ऱ्हा. चष्मा इसरू नको.”

“का रं?”

“वाचायचं काम हाय.”

सव्वीस जानेवारीला सोसायटीच्या गोदामापुढं झेंडा होता. तोंडातून वाफ निघत होती. आबाराव आला तो कोट घालूनच. पितळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मच्छिंद्र समोर उभा राहिला. टोपी होती, पट्टा होता, बाटली होती, बूट आरशासारखे होते. अंगात नुसता अर्ध्या बाहीचा शर्ट. सगळं होतं, कोट तेवढा नव्हता.

त्यानं टाच आपटून सलाम ठोकला. आबाराव खूश झाला. त्यानंही हात कपाळाला लावला, माशी हाकलावी तसा.

“मेजरसाहेब, आपला नंबर?”

“कसला नंबर?”

“पलटणीतला. शिपाई मरताना बी इसरत न्हाय.”

“सोसायटीचा सभासद नंबर एक!” आबाराव म्हणाला. माणसं खदखदली.

हसू थांबेपर्यंत मच्छिंद्र थांबला. मग मोठ्यानं म्हणाला, “मंग मी सांगतो. एक शून्य चार सात दोन. माझ्या बापाचा. कोटाच्या डाव्या आतल्या खिशात शिवलाय. सात उलटा हाय.”

आबारावाचा हात आपोआप डाव्या छातीवर गेला. गळपट्टीखालचा शिक्का त्यानं कधीच कातरून टाकला होता. खिशातला दोरा त्याला रफू वाटला होता.

“येड लागलंय ह्याला. बाजारातनं घेतलाय म्या कोट.”

“मंग दाखवा की चेरमन,” गर्दीतनं कुणीतरी म्हणालं. “खोटं निघालं तर मच्छ्याचीच फजिती.”

“शांतलिंग, तू शिकलेला हायस. वाच,” मच्छिंद्र म्हणाला.

शांतलिंग पुढं झाला. आबारावानं दोन बटणं काढली, तिसऱ्यावर हात अडला. सगळं गाव बघत होतं. त्यानं तिसरंही काढलं. शांतलिंगनं खिसा उलटला. “एक, शून्य, चार...” त्यानं वाचलं. मग त्यानं खिसा लोकांकडं फिरवला.

“अगं बया!” एक म्हातारी ओरडली. “डावरीचा इळा!”

बनाबाईचा विळा गावातल्या प्रत्येक बाईनं बघितला होता. साऱ्या बायांत तो एकटाच उलटा चालायचा.

मच्छिंद्र एक पाऊल पुढं सरकला. आवाज चढवला नाही.

“काढा.”

आबारावानं कोट काढला. आत फक्त बंडी होती, काखेत विरलेली. गळ्यापर्यंत बटणं लावणाऱ्याला शर्टाची काय गरज? तो वळून निघणार, एवढ्यात मच्छिंद्रनं झेंड्याच्या दोरीशी उभ्या असलेल्या मास्तरांकडं बघून आरोळी दिली.

“सावधान!”

मास्तर दचकले. दोरी ओढली गेली. फुलं पडली, पोरांनी राष्ट्रगीत सुरू केलं. आता कुणाला हलता येत नव्हतं. चेअरमन झेंड्याखाली हात बाजूला ताठ धरून उभा होता. त्याच्या दंडावर काटा उभा राहिलेला मागच्या रांगेतूनही दिसत होता. शांतलिंग झेंड्याकडं बघायचं विसरून आपल्या दोस्ताकडं बघत राहिला. मच्छिंद्र पापणीही लववत नव्हता.

गीत संपल्यावर आबाराव दातांतून म्हणाला, “मच्छ्या, तुला बघतो.”

“बघा. पर आदी बाजारात जावा. दुसरा शोधा.”

घरी बनाबाई जोंधळे पाखडत होती. मच्छिंद्रनं कोट तिच्या पुढ्यात ठेवला. खिशातून करवंटीचं बटण काढून त्यावर ठेवलं. तिनं सूप बाजूला सारलं. आतल्या खिशात हात घातला आणि सातावर बोट ठेवून बसली.

मग तिनं विचारलं, “थंडी वाजली का त्याला?”

“दात वाजत व्हते.”

“किती येळ?”

“झेंड्याचं गाणं हुईस्तवर.”

बनाबाईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

“लई ल्हान हाय ते गाणं,” ती म्हणाली.