उपरण्याखालचा भाव

दादा गेला आणि त्याच्या वाटणीचं शेत परक्यांच्या पोरांना देऊन गेला. मी सख्खा भाऊ, बांधाला बांध लागून माझी जमीन, आणि मला हे तेराव्याला कॉलेजच्या लोकांकडून कळलं. शेत विकायचं, पैसे बँकेत ठेवायचे, व्याजातून दरवर्षी गरिबांच्या पोरांची फी भरायची, अशी त्याची इच्छा होती.

आमच्या घरात एकालाच शिकवणं झेपलं. दादा विद्यापीठाची पदवी घेऊन भूमच्या कॉलेजात प्राध्यापक झाला. मी वडिलांच्या मागं बैलबाजारात गेलो, बैलांचे सौदे करणारा हेडी झालो, आणि जे उभं केलं ते स्वतःच्या हिमतीवर केलं. दादाला मूलबाळ नव्हतं. दोन खोल्यांत राहून त्यानं आणि वहिनीनं जन्मभर पगारातून दुसऱ्यांची पोरं शिकवली. गाव त्याला देवमाणूस म्हणायचं. एका दुष्काळात बाजार बसला, आणि नेमकी त्याच साली माझ्या लेकीची फार्मसीची फी भरायची होती. मी त्याच्याकडं गेलो. तो म्हणाला, "तू भागवशील. ज्याला भागवता येत नाही, त्याच्यासाठी आहे हे."

भागवलं मी. पण ते वाक्य अजून घशात अडकून आहे. त्यात तो कधी बाजारात फिरकला नाही. बापाच्या धंद्याची त्याला लाज वाटते, असंच मी धरून चाललो होतो.

म्हणून ठरवलं, शेत निम्म्या भावात घ्यायचं. विहीर माझ्या हद्दीत, वाटही माझ्यातूनच. दुसरं गिऱ्हाईक येणारच नव्हतं. भाव पडला की तेवढी पोरं कमी शिकणार, हे मला कळत होतं. माझ्या लेकीच्या वेळी कुणी हिशेब केला होता?

शेत विकायला कॉलेजनं नेमलेल्या कमिटीनं बोलणी करायला एक मास्तर पाठवला. भूमच्या एका टेलरचा मुलगा, दादाचाच विद्यार्थी.

"दुसरं कुणी न्हाय व्हय कमिटीत?" मी विचारलं.

"हायत की चाचा. तुमचं नाव ऐकून कुणी तयार होईना."

"विहीर माझी, वाट माझी. शेत काय विमानातनं पेरणार?"

"विमान परवडलं असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो?"

एव्हाना ओसरीवर चार शेजारी येऊन बसले होते. मास्तर हळूच म्हणाला, "चाचा, चारचौघांत नको. उपरणं घ्या."

मी चमकलो. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालायचे, एकमेकांची बोटं धरायची. किती बोटं, तेवढा भाव. भोवतीच्यांना पत्ता लागत नाही. सौदा मोडला तरी कुणाची मान खाली जात नाही. हे टेलरच्या पोराला कुठून ठाऊक?

"सरांनी शिकवलं," तो म्हणाला. "फीला कमी पडतंय, हे पोरांसमोर सांगवत नसायचं. सर व्हरांड्यात बोलवायचे, खांद्यावरचं उपरणं हातांवर टाकायचे. म्हणायचे, धर, किती कमी पडतंय. मी तीन बोटं धरली की सर चार धरायचे. म्हणायचे, बापाचाच धंदा हाय माझा, फक्त उलटा करतो."

जन्मभर या माणसानं कॉलेजच्या व्हरांड्यात आमच्या बापाचा बाजार मांडला होता. आणि ते टेलरच्या पोराला माहीत होतं, मला नाही. राग गेला नाही. फक्त कुणावर काढायचा ते कळेना.

उपरणं टाकलं. मास्तरानं बोटं धरली. रास्त भाव होता, घासाघीस करायला एक बोटही जास्त ठेवलं नव्हतं. हेडी असा भाव सांगत नाही. निम्म्याचा आकडा माझ्या हातात तयार होता. मी त्याचा हात तसाच धरून राहिलो. मग मी त्याची बोटं धरली, दादा धरायचा तशी.

तो माझ्याकडं बघत राहिला. "चाचा, परत धरा. चुकलं वाटतं."

"माझं चुकत न्हाय. ऊठ आता, यष्टी जाईल तुझी."

शेजाऱ्यांनी बाजारभर बोभाटा केला, की भावाचं शेत यानं मातीमोल लाटलं. म्हणू देत. बायको अजून विचारते, किती धरली. उपरण्याखालचं विचारायचं नसतं, असं मी तिला सांगतो.

दादानं मात्र मला सांगायला पाहिजे होतं.