लागलेली जांभई

गच्चीवर बायको आणि शेजारच्या सुलभावहिनी पापड लाटत बसल्या होत्या. मी टाकीच्या सावलीत पेपर वाचत वाळवण राखत होतो. वहिनींनी जांभई दिली आणि लगोलग बायकोनेही दिली.

म्हणतात, आपल्या माणसाची जांभई चटकन लागते. आपलं कोण, हे मेंदू आपल्याला न विचारताच ठरवून टाकतो. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण माझी जांभई हिला कधी लागल्याचं मला आठवेना. आणि या बाई तर गेल्या दिवाळीत राहायला आलेल्या! कालपर्यंत त्यांचं हसणं मला मोकळं वाटायचं, आज एकदम कर्कश वाटायला लागलं. त्यांनी लाटलेले पापडसुद्धा वाकडेतिकडे दिसायला लागले.

शेवटी न राहवून मी चांगला आवाज काढून एक खोटी जांभई दिली.

"झोप आली असेल तर खाली जाऊन पडा," बायको मान वर न करता म्हणाली.

वहिनी मात्र माझ्याकडेच बघत होत्या. तेलाचे हात लागू नयेत म्हणून त्यांनी मनगट तोंडावर धरलं आणि भलीमोठी जांभई दिली. ती बघून मग बायकोने दिली.