पुढची सीट

माझ्या आईला गाडी लागते. लागते म्हणजे नागपुरात आमच्या प्रताप नगरातून निघून वर्धा रोडवर येईस्तोवर तिचा चेहरा पांढरा पडतो आणि बुटीबोरीच्या आत एकदा तरी गाडी कडेला घ्यावी लागते. आल्याचा तुकडा, आवळा सुपारी, पोटाशी वर्तमानपत्राची घडी, सगळं करून झालं. एसटीत खिडकीजवळ तिला काही होत नसे, पण गुडघे गेल्यापासून एसटीच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत.

आणि तिची मोठी बहीण, माझी मावशी, पुसदला. गेल्या वर्षी मावशी बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं. इथे धंतोलीत आणून ऑपरेशन झालं, तेही चांगलं झालं, पण ती पुन्हा काही उभी राहिली नाही. मुलाकडे खाटेवर असते. जेवण जवळजवळ सोडल्यासारखंच. फोनवर आईला म्हणायची, "माह्यं आता झालं वं. एकदा येऊन पाहून जाय मले." फोन ठेवला की आई कुणावर तरी चिडायची. बहुतेक वेळा माझ्यावर.

एकदा भाड्याच्या गाडीने तिला नेलं. अशी अर्धमेली होऊन पोचली की मावशीच्या शेजारीच आडवं करावं लागलं, आणि आजारी मावशी पुठ्ठ्याने तिला वारा घालत राहिली. दोघी बहिणी धड चार शब्द बोलल्या नाहीत. परतताना पुन्हा तेच. त्यानंतर आई पुसदचं नाव काढेना. मावशी मात्र फोनवर वाट पाहतच होती.

म्हणून आम्ही गाडी बदलायची ठरवली. आमची जुनी गाडी भाजी आणण्यापुरती. आता हवी होती लांबच्या रस्त्यावर अंग न दुखवणारी, आणि दर महिन्याला पुसदची खेप झेपेल असं मायलेज देणारी. माझा नवरा अशा कामात स्वतःला झोकून देतो. रोज जेवताना मोबाइलवर कुणीतरी माणूस कुठल्यातरी गाडीचं दार उघडझाप करून दाखवत असे. डिझेल घ्यावी तर कटकट, सीएनजी घ्यावी तर टाकीच सगळी डिकी खाणार, मग मावशीला कधी बाहेर न्यायचं झालं तर तिची व्हीलचेअर कुठे ठेवायची? हायब्रीडवर त्याचं मन बसलं, मग उठलं, मग पुन्हा बसलं.

दर रविवारी शोरूम. आई मागे बसायची आणि आम्ही मागची सीट तपासायचो. मांडीला आधार आहे का, मागे एसीचा झोत येतो का, खड्ड्यात उसळते का. मागच्या सीटचे तर आम्ही जाणकार झालो. पण प्रत्येक फेरीनंतर आई तोंडाला रुमाल लावूनच उतरायची. एका पोराने मोठ्या कौतुकाने छतावरची काच सरकवून दाखवली, तेव्हा ती रुमालाआडून म्हणाली, "नागपुरात अजून वरून ऊन काहून पाहिजे गा?"

तिला पुढे बसवावं हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. गाडी मी चालवते, मला आवडतं म्हणून. शेजारची सीट जावयाची. आमच्याकडे सासू जावयाकडे पाठ करून बसत नाही. तो समोर आला की आई अजून डोक्यावर पदर घेते, आणि राहतो आम्ही तिघं एकाच घरात, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी पदर दिवसभर डोक्यावर.

एका रविवारी त्याला ऑफिसात जावं लागलं. आम्ही दोघीच गेलो. शोरूममधली मुलगी पटकन मागे बसली आणि म्हणाली, "आजी, तुम्ही समोर बसा ना." आईने इकडेतिकडे पाहिलं. जावई नव्हता. बसली.

वर्धा रोडवर मी डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडे पाहत होते. आता पांढरी पडेल, मग पडेल. ती दुकानांच्या पाट्या वाचत होती. वरून जाणारी मेट्रो तिने मान वाकवून पाहिली. म्हणाली, "हा रस्ता इतका मोठा कधी झाला वं?" किती वर्षं ती या रस्त्याने गाडीतून जात होती, पण माझ्या सीटची पाठ सोडून तिने काही पाहिलंच नव्हतं. जामठ्याच्या पुढे मी गाडी थांबवली. "आई, बरं वाटतं?"

"मले काय झालं?"

मला रडू आलं. मागच्या मुलीला वाटलं, मॅडमना गाडी फारच आवडली. तीच घेतली.

खरी अडचण घरी आल्यावर. पुसदला जाताना पुढे बस म्हटल्यावर आईने कानावर हात ठेवले. "जावईबापूले मांगं टाकू अन् मी समोर मिरवू? लोकं काय म्हणतीन?" बरं, त्याला घरी ठेवून जाऊ, तर तेही नाही. एवढ्या लांब मी एकटीने गाडी नेलेली तिला चालणार नव्हती. ती हट्टाला पेटली, मीही पेटले. नवरा हे सगळं ऐकत होता.

निघायच्या सकाळी तो उशी घेऊन खाली आला. मागचं दार उघडून गुडघे पोटाशी घेऊन आडवा झाला आणि तोंडावर दुपट्टा ओढून म्हणाला, "आई, रात्रभर झोप नाही झाली. मी आता झोपून राहिलो. मले उठवू नका."

झोपलेल्या माणसाकडे पाठ झाली तर काय बिघडतं? आई क्षणभर उभी राहिली. मग पदर सारखा करून पुढे येऊन बसली.

मी या माणसाची झोप ओळखते. झोपला की घोरतो. त्या दिवशी हूं की चूं नाही. यवतमाळला आम्ही चहाला उतरलो, तरी हा उठला नाही. आर्णीच्या आसपास आई लहानपणच्या गोष्टी सांगायला लागली. दोघी बहिणींनी शेजारच्यांची बकरी घरात कोंडली होती आणि तिने बापाचं धोतर खाल्लं होतं. आरशात पाहिलं तर मागचा दुपट्टा हसून हसून हलत होता. आईलाही कळलं असावं, कारण ती आवाज चढवून सांगू लागली. त्या क्षणी मला त्या दोघांवर फार प्रेम आलं. गाडी तेवढी नीट चालवली.

पुसदला आई आपल्या पायांनी आत गेली आणि खाटेवर मावशीजवळ बसली. मावशीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काहून वं, आज आडवी नाही होत?"

"नाही. मी समोर बसून आली, बाई. काहीच नाही झालं. आता दर महिन्याले येतो, पाह्य."

मावशीने वारा घालायला काढून ठेवलेला पुठ्ठा उशीखाली सारला.

"दर महिन्याले? मंग तं मले थांबाच लागन."

"थांब ना मंग," आई म्हणाली.