डब्यांची हजेरी

प्रत्येक ऑफिसात एक खण असतो. त्यात जुने चार्जर, तुटक्या पिना आणि कशाच्या ते कोणालाच ठाऊक नसलेल्या वायरी साठत जातात. टाकवत नाहीत आणि उपयोगही होत नाही. आमच्या ऑफिसच्या किश्शांचं तसंच झालंय. ऑफिस बंद पडलं, टेबलं गेली, तो खणही गेला. किस्से मात्र माझ्याकडे राहिले. आता भेटलाच आहात तर ऐका. पण हसवायला सांगतेय असं समजू नका!

ऑफिस औरंगपुऱ्यात, एका स्टेशनरीच्या दुकानाच्या माडीवर. माणसं तीनच. मालक रत्नपारखी सर, जोडणी-दुरुस्ती बघणारे शकीलभाई आणि प्रोग्रॅम लिहिणारी मी, वर्षा. जेवणाच्या डब्याएवढे छोटे कॉम्प्युटर आम्ही बनवायचो. आत लिनक्स. कोणी ते डेअरीत दूध मोजायला न्यायचं, कोणी बाजारात भावाचा बोर्ड चालवायला, कोणी शाळेची घंटा वाजवायला. सगळे त्याला डबाच म्हणायचे. सर तेवढे 'प्रॉडक्ट' म्हणायचे.

*

कन्नडच्या एका शाळेत आम्ही घंटेचा डबा बसवायला गेलो. हेडमास्तर फार चौकस.

"यातली विंडोज ओरिजिनल आहे ना?"

"विंडोज नाहीच, सर. लिनक्स आहे."

"ते कोणत्या कंपनीचं?"

"कोणत्याच नाही," रत्नपारखी सर खुलले. हा त्यांचा आवडता विषय. "जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलंय. कोणीही घ्यावं, उघडून बघावं, हवं तसं बदलावं."

हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे मालकच नाही! मग उद्या घंटा नाही वाजली तर शिव्या कोणाला घालायच्या?"

"मला!" सर म्हणाले, आणि खिशातून कार्ड काढून दिलं.

हेडमास्तरांनी ते कार्ड घंटेच्या बटणाखाली चिकटवून टाकलं. घंटा काही चुकली नाही, त्यामुळे शिव्या आल्या नाहीत. फोनही आला नाही.

*

सरांचे वडील शाळामास्तर होते. त्यामुळेच असेल, पण सरांनी प्रत्येक डब्यात एक गोष्ट न चुकता घातली होती. रोज सकाळी डब्यानं आतल्या सिमवरून ऑफिसला एकच शब्द पाठवायचा: 'आहे'.

चहा आला की सर स्क्रीनसमोर बसून गावांच्या नावानं मोठ्यानं हजेरी घ्यायचे. "लासूर?" डब्याच्या वतीनं शकीलभाई ओरडायचे, "हाजिर!" "देवगाव?" "हाजिर!" "कन्नड?" "हाजिर सर, घंटी बजा रहा!" सगळे आले की मगच सर कप तोंडाला लावायचे. एखादा गैरहजर असला की चहावर साय धरायची, पण सर हात लावायचे नाहीत.

एकदा देवगाव रंगारीच्या डेअरीतला डबा रोज उशिरा यायला लागला. फोन केला की तिथले सेक्रेटरी रंगनाथअण्णा म्हणायचे, "चांगला हाय की!" शेवटी मी आणि शकीलभाई एसटीनं तिकडं गेलो. अण्णांची बायको वारलेली, मुलं पुण्याला. अण्णा डेअरीतच झोपायचे.

"मॅडम, त्याचा हिरवा दिवा रातभर डोळे मिचकावतोय. झोप येत नाय. म्हून निजताना पिन काढतो, उठल्यावर लावतो."

शकीलभाईंनी दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून दिली. अण्णा खूश झाले. आम्हाला ताक पाजलं.

त्याच आठवड्यात अण्णांचा फोन. "ती पट्टी काढून टाकली बरं का, मॅडम. अंधारात लई एकटं वाटाया लागलं!"

*

लासूर स्टेशनच्या बाजाराचं तर विचारू नका. तिथं बाजार समितीच्या ऑफिसची डागडुजी झाली आणि गवंड्यानं एक कोनाडा बुजवून टाकला, आतल्या आमच्या डब्यासकट!

आम्ही तपासणीला गेलो तर डबा सापडेना. बोर्डावर कांद्याचा भाव दिसतोय, सकाळच्या हजेरीत 'आहे' आलंय, आणि डबा नाही. शकीलभाई कान लावून भिंतीभिंतीनं फिरले. एक आडते बाकावर बसून बघत होते.

"तिथं उंदीर हाय, भाऊ. रोज खुडखुडतो."

तो उंदीर म्हणजे आमच्या डब्यातला छोटा पंखा! वायरी बाहेर यायला सोडलेल्या फटीतून तो बिचारा हवा ओढत होता.

मी सरांना फोन लावला. "सर, भिंत फोडायची का?"

"चालू आहे ना? मग राहू दे." सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला मात्र हसू आलं नाही. कारण देखभालीच्या कराराचा विषय काढल्यावर आडते म्हणाले होते, "जी वस्तू दिसत नाय, बिघडत नाय, तिची देखभाल कशाची करता?"

*

मग ऑफिसचे दिवस फिरले. पुण्याहून एक साहेब आले. कंपनी विकत घ्यायला तयार होते, आमच्या दोघांच्या नोकऱ्याही राहणार होत्या. अट एकच. प्रत्येक डब्यात कुलूप घालायचं. वर्ष झालं की डबा आपोआप बंद. गिऱ्हाईक धावत येतंच!

साहेब गेल्यावर शकीलभाईंनी हळूच विषय काढला. "सर, थोडा बीमार पडने दो ना मशीन को. डॉक्टर को भी तो जीना है."

सरांनी स्क्रीनकडे बोट केलं. "शकील, ते रोज सकाळी खरं बोलतं रे. आहे म्हणजे आहे, नाही म्हणजे नाही. त्याला मी खोटं आजारी पाडू?"

शकीलभाई माझ्याकडे वळून म्हणाले, "लो मॅडम, हो गया अपना!" झालंच. वर्षभरात ऑफिसला कुलूप लागलं. डब्यांना नाही लागलं.

शेवटच्या दिवशी भंगारवाला आला. सुटे बोर्ड, केबिनेटं हातात उलटीपालटी करून म्हणाला, "इसमें क्या चलता?" सरांनी त्याला लिनक्स समजावून सांगितलं. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलंय, सगळं. त्यानं उभ्यानं ऐकून घेतलं आणि पिशवीतून वजनकाटा काढला.

*

पुढे पावसाळ्यात सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. ऑफिसचा जुना सर्व्हर सिडकोत त्यांच्या घरी, पलंगाशेजारीच ठेवला होता. सकाळी काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, स्क्रीन त्यांच्याकडे वळवायच्या. सर डाव्या हाताचं बोट एकेका नावावर न्यायचे, आणि हजेरी पूर्ण झाली की काकू चमच्यानं चहा पाजायच्या. डॉक्टर काकूंना म्हणाले होते, "गोळ्यांपेक्षा याच्यावर उठतायत. हे मोडू नका."

पण मोडणारच होतं. गावोगाव सगळं मोबाईलवर आलं होतं. एके दिवशी लासूरची ती भिंत पाडली.

दुपारी काकूंचा फोन. "वर्षा, लासूर आलं नाही गं. सकाळपासून भिंतीकडं तोंड करून पडलेत. चहा नाही, गोळी नाही, जेवण नाही. काय करू?"

मी शकीलभाईंना सांगितलं. ते तोवर औरंगपुऱ्यातच, आमच्या जुन्या गल्लीत, मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान घालून बसले होते. "देखते," एवढंच म्हणाले. दुकान बंद करून थेट लासूर गाठलं आणि विटामातीतून डबा उपसून आणला. पुसला, स्वतःच्या दुकानातल्या फळीवर ठेवला आणि पिन लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लासूर: आहे. सरांनी चहा घेतला. फोनवर हे सांगताना काकू रडल्या.

मग देवगाव गेलं. रंगनाथअण्णांनी डबा टॉवेलात गुंडाळून दिला. "आता समदं मोबाईलवर हाय, भाऊ. पण ह्यानं कधी दगा दिला नाय." तोही फळीवर आला. मग एकेक करून बाकीचे आले. खरोखर आपल्या जागी फक्त कन्नडची घंटा उरली. शकीलभाईंच्या दुकानात मोबाईलच्या कव्हरांमागं आमचा सगळा जिल्हा हिरवे डोळे मिचकावत बसलेला असायचा.

मला फार वाईट वाटायचं. रविवारी सरांकडे गेले की त्यांचं बोट 'देवगाव'वर थांबायचं आणि मी खिडकीबाहेर बघायचे. एकदा शकीलभाईंना म्हणालेच, "ज्या माणसानं मशीनला खोटं बोलू दिलं नाही म्हणून ऑफिस घालवलं, त्याच्याशीच आपण हे करतोय."

शकीलभाई एका फोनची काच बसवत होते. मान वर न करता म्हणाले, "झूठ कायकू, मॅडम? वो सिर्फ 'आहे' बोलती. है ना वो? किधर है, ये तो किसीने पूछाच नहीं!"

*

आता शेवटचा. गेल्या महिन्यातला.

सकाळी काकूंचा फोन. "वर्षा, आज कोणीच आलं नाही गं. लासूर नाही, देवगाव नाही, कोणी म्हणजे कोणी नाही. कन्नड तेवढं आलंय. तू लगेच ये."

शकीलभाईंचा फोन लागेना. स्कूटी काढली. एका लासूरपायी जो माणूस दिवसभर उपाशी राहिला, त्याच्यासमोर आज रिकामी स्क्रीन होती. जाऊन काय सांगायचं, रस्ताभर सुचेना. काहीही सांगितलं असतं तरी ते खोटंच असणार होतं.

काकू दारातच उभ्या होत्या, पदर तोंडाला. मी आत गेले.

सर उशीला टेकून बसले होते. समोर स्क्रीनवर कन्नड: आहे, आणि खाली बाकी सगळ्या नावांपुढं कोरं. स्टुलावर चहाचा कप होता. रिकामा.

"सर," मी सुरुवात केली, "ते काय झालंय की..."

सरांनी डावा हात वर करून मला थांबवलं. एकेक शब्द शोधत, थांबत थांबत म्हणाले,

"औरंगपुऱ्यात... लाईट गेलीय वाटतं. शकीलला म्हणावं... बॅटरी बसवून घे."