काळी फल्ली

परसराम गेला आणि तिसऱ्याच दिवशी बपेरा गावच्या पानठेल्यावर त्याच्या हातात दारूचा ग्लास देऊन झाला. मेलेल्या माणसाच्या!

जन्मात दारूला शिवला नाही तो. विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला, म्हणजे दारू न पिण्याच्या शपथेला, त्याचा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा. गावातल्या कितीतरी जणांच्या हातची बाटली त्यानं हिसकून नालीत ओतली होती. त्यात पहिला केवळराम. आता तोच केवळराम तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत सांगत होता, "लिव्हरचा कॅन्सर म्हणते. लिव्हर कशानं सडते ते मले नोका शिकवू. चोरून पेत होता बुढा."

परसरामच्या बायकोनं, तुळसानं, पाण्याला जाता जाता हे ऐकलं. तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. पण तोंड उघडेना, कारण खरं काय ते तिच्या पोटात होतं, आणि ते दारूहून वाईट होतं.

उन्हाळी भुईमूग निघायचा तेव्हा आभाळ भरून आलेलं असायचं. ओली फल्ली पडवीत ढीग घालून ठेवावी लागे आणि मग ती आतून तापायची, बुरसायची. टपोरे दाणे बाजारात. काही भंडाऱ्याला नोकरी करणाऱ्या जीवनकडे, लेकाकडे. उरलेले सुरकुतलेले, काळे, हिरवट दाणे घरी. फेकायचे? तुळसाला फेका म्हणून कोणी सांगून तर पाहावं! ती ते चोळून धुवायची, खरपूस भाजायची आणि मिरची-लसूण घालून पाट्यावर वाटायची. तिला स्वतःला फल्लीनं पित्त व्हायचं, म्हणून चटणी एकट्या परसरामची. दोन्ही वेळ, भातासोबत, वर्षानुवर्षं.

"आज जराशी कडू लागून राहिली वो," तो कधीमधी म्हणायचा.

"लसूण जळला असंल," ती म्हणायची. आणि तो बापडा ताट चाटूनपुसून उठायचा.

दुखणं वाढलं तेव्हा त्याला नागपूरला नेलं; तिथल्या डॉक्टरनं आधी दारूचंच विचारलं. पिवळ्या डोळ्यांचा परसराम रडायलाच लागला. त्याला तपासणीला नेल्यावर डॉक्टरनं तुळसाला खाण्यापिण्याचं विचारलं, आणि चटणीची गोष्ट निघाली.

"बुरशीच्या दाण्यात विष तयार होतं, बाई. वर्षानुवर्षं पोटात गेलं तर लिव्हरचा कॅन्सर होऊ शकतो. यांना त्यानंच झाला असं मी छातीठोक सांगू शकत नाही."

"पण मी धूत होती जी. भाजत होती."

"त्यानं ते जात नाही."

नवऱ्याला तिनं हे सांगितलं नाही. शेवटी शेवटी त्याच्या तोंडाची चव गेली, तेव्हा त्यानं तिच्याजवळ चटणीच मागितली. ती संपली म्हणाली. तो रुसला. रुसलेलाच गेला.

जलदान विधीच्या सकाळी तिनं जीवनला सगळं सांगितलं. त्यानं आधी दार लोटून घेतलं.

"माय, तू चूप राय. लोक म्हणतीन बायकोनंच जहर चारलं."

"मंग त्यायले बेवडा म्हणू देऊ?"

"म्हणतीन चार दिवस. विसरतीन."

विहारात वंदना झाली. कोणीतरी उठून परसरामच्या शीलाबद्दल दोन शब्द बोलायला लागलं आणि मागून केवळराम फिसकन हसला. बस्स. तुळसा उभी राहिली. जीवननं तिचा पदर धरला, तो तिनं सोडवून घेतला.

"त्यायनं दारू नाई पेली. मी चारलं त्यायले. काळी फल्ली चारली, याच हातानं." आणि तिनं डॉक्टरचं बोलणं आहे तसं सांगितलं.

कोणी तिला धीर दिला नाही, कोणी शिवीही दिली नाही. मग बायांमधून केवळरामची बायको, रत्नाबाई, हळूच म्हणाली, "जराशीच काळी असंल त चालते का वो?"

कोणी हसलं नाही. घरोघरी डब्यात काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"नाई चालत," तुळसा म्हणाली.

"नवऱ्याले झाकून राहिली," केवळराम म्हणाला आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाण्याला निघाली. केवळरामच्या उकिरड्यावर काळ्या दाण्यांचा ढीग पडला होता आणि त्याच्या कोंबड्या ते टिपत होत्या. दारात रत्नाबाई रिकामा डबा घेऊन उभी होती, खाली मान घालून. मागे केवळराम होता; तिला पाहून तो आत सरकला.

तुळसानं पाण्याचा रिकामा गुंड खाली ठेवला. कोंबड्या हुसकल्या. खाली बसून हातानंच माती उकरली आणि दाणे पुरायला लागली. पुरता पुरता तिला एकदम हुंदका फुटला, नवरा गेल्यापासून पहिल्यांदा.

"कडू लागते म्हणत होते जी तुमी," ती म्हणाली, "कडू लागते म्हणत होते."