टँकरच्या पाण्यातल्या गोगलगायी

दारात टँकर येतो, पाइप हौदात पडतो आणि पाण्यातल्या औषधाचा उग्र वास घरभर पसरतो. बाकीच्यांना तो वास म्हणजे दोन दिवसांची निश्चिंती. मी मात्र हौदापासून जरा दूर सरकतो.

शिरूरकडच्या आमच्या गावात बारव आहे. तिच्या झऱ्याच्या तोंडाशी, ओल्या दगडांच्या पोटाला, मुगाएवढ्या गोगलगायी चिकटलेल्या असायच्या. जन्म इथं गेला, पोरांना प्राणिजगत शिकवून घसा बसला, पण त्या काही मला दिसल्या नव्हत्या. मग एक संशोधक मुलगी आली, पायरीवर पालथी पडून तासभर दगड न्याहाळत राहिली आणि म्हणाली, "काका, ही जात आता फार थोड्या ठिकाणी उरलीय. लक्ष ठेवाल?" निवृत्त मास्तराला कुणी काम सांगावं, ही केवढी चैन! मी छाती फुगवून हो म्हणालो.

त्या उन्हाळ्यात बारव आटली, तळाशी परातभर पाणी राहिलं. मुलीला फोन करून विचारावं, हे काही सुचलं नाही. विचारायची सवय मास्तराला नसतेच. दिसल्या तेवढ्या सगळ्या गोगलगायी दगडांसकट उचलून मी घरी घमेल्यात ठेवल्या आणि नुकत्याच आलेल्या टँकरचं कळशीभर पाणी मोठ्या मनानं त्यांच्यावर ओतलं.

शेजारचे मोटारी दुरुस्त करणारे चाचा दारातूनच ओरडले, "ओ मास्तर, माणसाला पाणी पुरंना अन् तुमी गोगलगायीला कावून पाजायलाव?"

"पाहुण्या आहेत चाचा."

"मंग च्या बी टाका की!"

सकाळी सगळ्या गोगलगायी दगडांवरून सुटून घमेल्याच्या तळाशी पडल्या होत्या. चाचांनी वाकून पाण्याचा वास घेतला. "पावडर हाय यात, मास्तर. जरा शिळं करून घ्यायचं व्हतं." पुढं त्यांनी चेष्टा केली नाही, तेच जास्त लागलं.

मुलीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बारवेत एखादी राहिली असेल का, काका?"

"बघतो," म्हणालो. तेव्हापासून बघतोच आहे. दगड उलटतो, हळूच होता तसा ठेवतो. पाणी परतलं की पाण्यातलं सगळंच परततं, अशी माझी भाबडी समजूत होती. यंदा बारव पायऱ्यांपर्यंत भरली. गावानं नारळ फोडायला मलाच पुढं केलं. "झालं ना मास्तर मनासारखं?" कुणीतरी विचारलं. मी मान हलवली. पाणी इतकं नितळ होतं, की तळाचा दगड न् दगड दिसत होता.