सरांच्या प्रबंधातलं उलटं चिन्ह

जाधव सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत पावडर खलत होते. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, एवढंच म्हणाल्या, "सकाळी चहा मागितला, अन् प्यायलेच नाहीत गं…" खल तसाच टाकून मी उस्मानपुऱ्याला सरांच्या घरी पळाले. आज महिना झाला. रडून झालं, आता सर आठवले की हसूच येतं, काय करू!

सर माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. विषय, बॅटरीच्या कॅथोडमधली ऑक्साइडं. पावडर खलायची, दाबून टिकली करायची, भट्टीत भाजायची आणि तिच्यातून वीज कशी वाहते ते मोजायचं. मी घाईनं खलू लागले की सर दारातूनच ओरडत, "अगं, ठेचा कुटायलीस का? हळू!" भट्टी तापेपर्यंत गुलमंडीवरची भजी यायची. तेलकट हात टिकलीला लागला की मात्र खैर नसे.

टिकलीचं एक टोक गरम आणि दुसरं गार ठेवलं की बारीकसं व्होल्टेज तयार होतं. ते धन की ऋण, यावरून आत वीज कोण वाहून नेतंय, इलेक्ट्रॉन की त्यांच्या रिकाम्या जागा, ते कळतं. सरांच्या स्वतःच्या प्रबंधात याच ऑक्साइडचं ते ऋण होतं. माझं धन यायला लागलं. "तारा उलट्या लावल्यास तू," सर म्हणाले. मी चारदा सोडून पुन्हा लावल्या. धनच! प्रबंध द्यायला महिना उरलेला, आणि माझं उत्तर मार्गदर्शकाच्याच विरोधात… जेवण जाईना मला.

शेवटी भीत भीत म्हटलं, "सर, तुमचं जुनं यंत्र एकदा लावून बघू या का?" कपाटातून ते निघालं. जिचं चिन्ह आधीच ठाऊक आहे अशी धातूची तार त्यात लावली. काटा उलट्या बाजूला गेला! विद्यार्थी असताना सरांनीच जोडणी उलटी केली होती. मला तर कुठं तोंड लपवू असं झालं. सरांनी मांडीवर थाप मारली. "व्हय की! लई वर्षं शहाणा म्हणून मिरवलो!" पोटभर हसले, मग म्हणाले, "हे तुझ्या प्रबंधात लिही. माझ्या नावानिशी."

"सर, नको हो…"

"नाय लिहिलंस तर सही करणार नाय."

लिहिलं. सही मिळाली.

परवा शोकसभेत बोलायचं होतं, म्हणून ग्रंथालयातून सरांचा प्रबंध मागवला. ते पान उघडलं. ऋण चिन्हाभोवती निळ्या शाईचं वर्तुळ, आणि समासात सरांचं अक्षर: "चूक माझी. बरोबर उत्तरासाठी माझ्या विद्यार्थिनीचा प्रबंध पाहावा." खाली तारीख होती, माझ्या प्रबंधावर सही केली त्याच दिवसाची.